वाजवी खात्रीचा उन्हाळा

परवा दुपारी गारा पडल्या. आधी आभाळ हिरवट झालं, वारा एकदम पडला, आणि मग लिंबाएवढ्या गारा अशा कोसळल्या की छपरावर कुणीतरी दगडफेक करतंय असं वाटावं. शेजाऱ्यांच्या गाडीची पुढची काच फुटली. मागच्या ओकच्या झाडावर बसून वर्षभर कटकट करणारे ते लांब शेपटीचे काळे पक्षी, त्यांतले काही खाली पडले ते उठलेच नाहीत. नागपूरला आम्ही लहानपणी गारा पडल्या की पातेली घेऊन अंगणात धावायचो, वेचून तोंडात टाकायचो. इथे अर्विंगला गारा वेचायला धावणाऱ्याचं डोकं फुटतं. टेक्सासमध्ये ऋतू येत नाही, चाल करून येतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. निदान हा आधी हसून हात मिळवत नाही.

गारा थांबल्या तेवढ्यात रेवाचा, माझ्या मुलीचा, मॉरिसव्हिलहून फोन. "आई, आर यू ओके? गाडी आत आहे ना?"

"आत आहे. पक्षी मेले."

"यू साउंड ऑलमोस्ट हॅपी. व्हॉट इज इट विथ यू अँड मे?"

काय सांगणार? तिला त्या उन्हाळ्यातली टीव्हीवरची कार्टून्स आठवतात आणि कमलकाकूंच्या हातचा वरणभात. मला मे म्हटलं की परीक्षा संपलेले वर्ग आठवतात. पुसलेले फळे, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.

ऐंशीच्या दशकातलं हे. तेलाचे भाव आपटले होते, टेक्सासमधली धडधाकट माणसं रस्त्यावर आली होती. मी एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवत होते, पार्ट-टाइम. या शब्दाचं मराठी 'अर्धवेळ' असं ज्यानं कुणी केलं त्याला मी एकदा भेटणार आहे. वेळ पूर्ण लागायचा. अर्धं असायचं ते माणूस. बसायला टेबल नाही, पाटीवर नाव नाही, आणि दर टर्मचं कंत्राट टर्मबरोबरच संपायचं. इंग्रजी शिकवणारी डोरीन माझ्यासारखीच होती, फक्त एकाऐवजी तीन कॉलेजांत. तिच्या गाडीची डिकी हे तिचं ऑफिस. निबंधांचे गठ्ठे, डबा, जास्तीचे बूट, सगळं तिथे. पार्किंगमध्ये डिकी उघडून ती मुलांना शंका समजावून सांगायची, आणि बाजूने फुलटाइमवाला प्राध्यापक गेला की मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "माय ऑफिस अवर्स, डार्लिंग."

घरी नवरा होता. श्रीकांत. मोठ्या कंपनीतला इंजिनियर, मंडळाच्या गणपतीत आरती खणखणीत म्हणणारा. श्रीकांत मला मारायचा. हे वाक्य लिहायला पूर्वी मला फार वेळ लागायचा, आता लागत नाही. मारण्यापूर्वी तो मनगटावरचं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा. त्या घड्याळाचा पत्र्यावर टेकल्याचा बारीक आवाज आला की माझे खांदे आपोआप वर जायचे. लोक म्हणतात, रागाच्या भरात हात उठतो. घड्याळ काढून ठेवणाऱ्याचा हात कुठल्या भरात उठतो ते मला कुणी समजावून सांगावं.

त्या वर्षी टर्म चालू असताना एका रविवारी दुपारी त्यानं फोनचा रिसीव्हर माझ्या भुवईवर हाणला. मी जेवणाच्या टेबलावर मुलांचे पेपर तपासत होते. कुणाच्या तरी समीकरणावर रक्त सांडलं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता या पोराचे मार्क कसे लावायचे. डोकं असं चालतं. मग मी उठले, रेवाला बूट घातले. दारात उभी राहून म्हणाले, "जाते."

हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. निघताना माणूस 'येते' म्हणतं. माहेरून निघताना येते, दुकानातून निघताना येते, दवाखान्यातून, परीक्षेच्या हॉलमधून, पाहुण्यांच्या दारातून. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची. तर मी ते मुद्दाम, नीट, दोन्ही अक्षरं वाजवून म्हणाले. श्रीकांत टीव्हीवर मॅच बघत होता. त्यानं ऐकलंही नाही.

कमलकाकू म्हणजे अर्विंगमधल्या आम्हा चारदोन मराठी कुटुंबांतल्या वडीलधाऱ्या, मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या सोफ्यावर मी पडले आणि तो सोफा माझ्या रक्तानं खराब झाला. काकूंनी अवाक्षर न काढता थंड पाण्यानं तो पुसला. मग म्हणाल्या, "अगं, हा असा टेम्पर तर सगळ्यांचाच असतो. थोडं अ‍ॅडजस्ट करून बघ ना."

"काकू, भुवई कशी अ‍ॅडजस्ट करू?"

पण रेवाला त्यांनी त्या दिवसापासून सांभाळलं, हेही खरं. माणसं बोलतात एक आणि त्यांचे हात करतात दुसरंच. मी त्या काळात हातांकडे बघायला शिकले.

हायवेला लागून एक खोली घेतली. ट्रक गेले की भांडी वाजायची. दोन वर्गांच्या पगारात भाडं जेमतेम निघत होतं, पण निघत होतं. आणि मग मे आला. परीक्षा संपल्या, मार्क दिले, कंत्राट संपलं, पगार थांबला. पुढचे वर्ग मिळालेच तर ऑगस्टअखेर. मधल्या उन्हाळ्याचं भाडं भरता आलं नाही तर जायला मला दोनच जागा होत्या, काकूंचा सोफा आणि श्रीकांतचं घर. काकूंच्या यजमानांची कपाळावरची आठी मी पाहिली होती. म्हणजे जागा एकच होती. तिथल्या फ्रिजवर घड्याळ टेकल्याचा आवाज मला ट्रकच्या घरघरीतूनही ऐकू यायचा.

"अनएम्प्लॉयमेंट फाइल कर," डोरीन म्हणाली. "सरकार बेकारांना भत्ता देतं. तू बेकार आहेस. आय चेक्ड. मीही करतेय."

बेकार. आमच्या गल्लीत हा शब्द पानठेल्यावर बसणाऱ्या पोरांसाठी होता. एमएस्सी झालेल्या बाईला लावून बघितला तर दातात खडा आल्यासारखा लागला. पण गेले. बेकारी भत्त्याच्या कचेरीबाहेर उन्हात रांग होती, डांबर बुटांना चिकटत होतं. तेलविहिरींवरच्या कामावरून काढलेले धिप्पाड गडी, मानेपर्यंत लाल झालेले. कुणीतरी मध्ये घुसलं आणि माझ्या पुढच्यानं त्याला काही न बोलता एक ठोसा दिला. दात तुटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. फुटाणा चावल्यासारखा, आणि तितकाच किरकोळ. पडलेला उठला, तोंड पुसलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. रांग पुढे सरकली. मीही सरकले. कुणी भांडण सोडवायला गेलं नाही, कारण गेलं तर नंबर गेला असता.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "कॉलेजात शिकवता? मग पुढच्या टर्मला काम मिळण्याची रीझनेबल अश्युरन्स आहे का?" कायदाच तसा होता. शाळा-कॉलेजात काम करणाऱ्याला दोन टर्मच्या मधल्या सुट्टीत भत्ता नाही, पुढच्या टर्मला काम मिळण्याची वाजवी खात्री असेल तर.

वाजवी खात्री. घरी येऊन मी हे दोन शब्द कितीदा तरी तोंडात घोळवले. भाव वाजवी असतो. अपेक्षा वाजवी असते. पण खात्री? ती असते किंवा नसते. कोणी 'मी वाजवी जिवंत आहे' म्हणतं का? आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. हॉलिस यांचं नेहमीचं वाक्य असं होतं: विद्यार्थी पुरेसे आले तर, बजेट मंजूर झालं तर, फुलटाइमवाल्यांना देऊन वर्ग उरले तर, वुइ विल लव्ह टु हॅव यू. एका वाक्यात इतके तर. मी गणिताची बाई. प्रत्येक 'तर'नं खात्री कमी होत जाते, एवढं मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत होते.

भत्ता नाकारला. मी अपील केलं, सुनावणी लागली.

छोटी खोली, एसी इतका की दात वाजावेत. सुनावणी घेणारा अधिकारी सभ्य, म्हातारा, कानात यंत्र. समोर हॉलिस. हा माणूस वाईट नव्हता हो, हीच तर चीड. वाईट माणसाला तोंडावर शिव्या देता येतात. त्यानं शांतपणे सांगितलं की शेवटच्या दिवशी ही माझ्या दारात आली, वर्गाची किल्ली परत केली, आणि जाताना म्हणाली, ओके, आय विल कम.

माझ्या कानांत गरम शिसं ओतल्यासारखं झालं. म्हणाले होते. अगदी तसंच म्हणाले होते. तोंडात 'येते' होतं, जिभेनं त्याचं सवयीनं इंग्रजी केलं आणि मी दारातून बाहेर पडले.

मी अधिकाऱ्याला समजावलं. आमच्या भाषेत जाताना 'मी जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. म्हणून 'येते' म्हणतात.

"म्हणजे तुम्ही परत येणार, असा त्याचा अर्थ?"

"नाही. मी जाते, असा अर्थ."

त्यानं यंत्र नीट बसवलं. "तर तुमच्या भाषेत, मॅम, जाणारी व्यक्ती 'मी येते' म्हणते. आणि ऐकणाऱ्यानं समजायचं की ती जातेय."

"हो."

"आणि ती येते का परत?"

काय सांगू? माझी आजी येते म्हणून बाळंतपणाला माहेरी गेली ती तिथेच गेली. मी स्वतः विमानतळावर येते म्हटलं त्याला वर्षं झाली होती. ते वचन नसतं. देवाच्या पुढे टाकलेली ती एक अट असते, की बाबा, रस्ता उघडा ठेव. हे इंग्रजीत मांडायला गेले आणि तोंडातून निघालं, "समटाइम्स." हॉलिसनं मान हलवली, अगदी सहानुभूतीनं. टेपरेकॉर्डर फिरत होता.

हरले. जिनं जाते म्हटलं तिचं कुणी ऐकलं नाही, आणि जिनं येते म्हटलं तिचं सगळ्यांनी अक्षरन् अक्षर लिहून घेतलं.

डोरीनचीही सुनावणी त्याच सकाळी होती. तिच्या तीन कॉलेजांपैकी एकानं पत्र दिलं होतं की बाईंचं नाव आमच्या यादीत आहे. तीही हरली. कॉरिडॉरमध्ये सोड्याचं मशीन होतं. तिनं नाणी टाकली, बाटली आली नाही. तिनं बटण दाबलं, मग थोपटलं, मग शांतपणे पायातला बूट काढला आणि टाचेनं मशीनच्या काचेवर घाव घालायला सुरुवात केली. "रीझनेबल," घाव. "अश्युरन्स," घाव. काच फुटून खाली आली तेव्हा तिच्या मनगटातून रक्त ओघळत होतं आणि ती हसत होती. गार्ड धावत आला, त्यानं तिचे हात मागे पिरगळले. निबंध तपासणारे ते हात. मी तिथे उभी होते. मला तो फुटण्याचा आवाज इतका आवडला की मी अजून एकदा, मनातल्या मनात, ती काच फोडली.

श्रीकांतला बातमी लागली. लागणारच, आमच्यात बातमी फोडणीच्या वासासारखी पसरते. त्याचा फोन आला. आवाज मऊ, मऊ असला की मला जास्त भीती वाटायची. "कळलं मला. काही हरकत नाही. तू ये घरी, यार, किती दिवस हे नाटक. येणारच आहेस ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसालाही माझी वाजवी खात्री होती. कॉलेजला होती तशीच. मला मे महिन्यात रस्त्यावर सोडलं तरी मी ऑगस्टमध्ये खडू घेऊन हजर होईन, ही त्यांची. भुवई फोडली तरी मी भाड्याच्या तारखेला घरी येईन, ही याची. खात्री माझी होती, पण माझ्याजवळ नव्हती. ती त्यांच्या खिशात होती. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी गेली. मी रिसीव्हर इतक्या जोरात आपटला की त्याला तडा गेला.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या कारखान्यात नाव घातलं. तिथे कुणी कंत्राट विचारत नव्हतं, ऑगस्ट विचारत नव्हतं. घरी जन्मात अंडं शिजलं नव्हतं अशी मी, आणि समोर साखळीवर उलट्या टांगून येणाऱ्या सोललेल्या कोंबड्या, न थांबणाऱ्या. डाव्या हातात जाळीचा पोलादी मोजा, उजव्या हातात सुरी. सांध्यात टोक घालायचं, फिरवायचं, ओढायचं. कट्. पुढची. पहिल्या दिवशी ओकले. फोरमन म्हणाला, ओकायचं तर बाजूला, लाइन थांबणार नाही. आठवड्याभरात ओकणं संपलं. त्यानंतरचं सांगायचं तर मला ते काम जमू लागलं. सुरी सांध्यात बरोबर बसली की हाडं आपण होऊन सुटतात, आणि ते सुटणं हाताला कळतं. दिवसभर मी हाडं सोडवत होते, आणि प्रत्येक कटला मनात एक चेहरा होता. हॉलिस. कट्. तो सभ्य म्हातारा. कट्. बाकीचे सगळे कट कुणाचे ते सांगायला नको.

काकूंच्या दारात रेवाला न्यायला गेले की त्या नाकाला पदर लावायच्या. "आधी अंघोळ. मग आत. आणि ते कपडे बाहेरच राहू देत." माझं रक्त त्यांनी सोफ्यावरून पुसलं होतं. कोंबडीचं बाहीवरचं त्यांना चालेना. मी भांडले नाही. ज्याच्या त्याच्या सोसण्याची जागा वेगळी असते. अंगणातल्या नळीखाली उभी राहायचे, पाणी आधी कढत यायचं, उन्हानं तापलेलं, आणि पायाखालचं गवत गुलाबी व्हायचं. रेवा दारातून ओरडायची, "मॉमी, यू स्मेल!" त्या उन्हाळ्यातलं माझं सगळं हसणं त्या नळीखालचं आहे.

ऑगस्टअखेर हॉलिसचा फोन आला. दोन वर्ग होते. मी गेले. नंतर कितीतरी वर्षं जात राहिले. म्हणजे त्या म्हाताऱ्याचा निकाल बरोबरच ठरला, मी परत आलेच. तो चुकला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. बरोबर ठरल्यामुळे अजून करता आलेलं नाही. मधले तीन महिने त्याच्या हिशेबात नव्हतेच. भूक त्या काळात सुट्टीवर जाते असा बहुधा त्याचा समज होता.

पण त्या उन्हाळ्याचा शेवट हॉलिसच्या फोननं झाला नाही. तो आधीच झाला होता, जुलैतल्या एका दुपारी, कारखान्याच्या पार्किंगमध्ये.

जेवणाची शिट्टी व्हायला थोडाच वेळ होता. फोरमन आला, म्हणाला, बाहेर तुझा नवरा आलाय, पाच मिनिटं घे. मी होते तशीच गेले. रबरी एप्रन, छातीपर्यंत रक्त, डोक्याला जाळी. बाहेरच्या उन्हानं डोळ्यांपुढे पांढरं झालं. श्रीकांत गाडीला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट. मनगटावर घड्याळ नव्हतं. ते त्यानं गाडीतच काढून ठेवलं होतं.

"हे काय करून घेतलंयस स्वतःचं?"

"काम."

"बास झालं. रेवाला काकूंकडून पिक अप करू आणि घरी जाऊ. चल." आणि त्यानं नेहमीसारखं माझं मनगट धरायला हात पुढे केला.

हात अर्ध्यात थांबला. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. मीही खाली पाहिलं. सुरी तशीच होती. सकाळपासून मूठ आवळलेली असली की बोटं तशीच राहतात, लाइनवरच्या सगळ्यांचं तेच व्हायचं. मी सुरी खाली टाकायचा प्रयत्न केला. खरंच केला. बोटं ऐकेनात.

"सुरी टाक," तो म्हणाला.

"बोटं उघडत नाहीयेत."

मी नुसतं खरं ते सांगितलं होतं. पण त्याचा रंग गेला. तो मागे सरकला, पाठ गाडीच्या दारावर आदळली, आणि त्याचे खांदे एकदम वर गेले, कानांपर्यंत. मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ते आतून ओळखत होते. बाहेरून ते कसं दिसतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

त्यानं मागे हात घालून चाचपडत दार उघडलं.